न आलेला रोगी

मुलांनी पुढे काय व्हावे, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत बहुधा जेवणाच्या पानावर निघतो आणि हात धुण्यापूर्वीच त्याचा निकालही लागलेला असतो. आमच्या घरी गेल्या चैत्रात तो निघाला तेव्हा मात्र हात धुतल्यावरही तसाच राहिला. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या वैद्यकीची पदवी घेऊन व वर्षाची उमेदवारी पुरी करून घरी आली होती. आमच्या वडिलांनी घातलेला दवाखाना बंधूंनी तीस वर्षे चालविला आहे. दारावरील पाटीत तिसऱ्या नावापुरती जागा मोकळी ठेवलेली आहे, हे आळीतील सर्वांस ठाऊक आहे. मुलीने सांगितले, की तिला दवाखान्यात बसावयाचे नाही. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून, आरोग्याच्या बाबतीत माणसामाणसांत जे अंतर पडते ते मोजणे, त्याची कारणे शोधणे आणि ती सरकारच्या धोरणात उतरतील असे करणे, हे काम तिला जन्मभर करावयाचे आहे.

बंधू काहीच बोलले नाहीत. वहिनींनी विचारले, “म्हणजे तू रोगी तपासणारच नाहीस?” आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरात आहेत; त्यांनी अधिक नेमके विचारले, “मग तुला डॉक्टरीणबाई म्हणायचे की नाही?”

या प्रश्नांची उत्तरे आम्हांसही देता येईनात. म्हणून त्या दिवसापासून या विषयावर जे हाती येईल ते आम्ही वाचीत गेलो. त्यातले काही वाचकांपुढे ठेवीत आहोत; कारण अशी मुलगी वा मुलगा आज ना उद्या पुष्कळ घरांत निघणार आहे.

दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरास जे रोगी दिसतात ते सगळे आलेले रोगी असतात. जो आला नाही त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. का आला नाही? पैसे नव्हते; गाडी नव्हती; दिवसाची मजुरी बुडत होती; घरच्यांनी सोडले नाही; मागच्या खेपेस दवाखान्यातील कोणी वसकन् अंगावर आले होते; किंवा आपल्याला झाले आहे त्यास रोग म्हणतात, हेच ठाऊक नव्हते. बंधूंच्या वह्यांत तीस वर्षांत हजारो नावे लिहिली गेली. परंतु त्याच दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर जी वस्ती आहे, तेथे त्या तीस वर्षांत किती अर्भके दगावली हे त्यांस सांगता यावयाचे नाही. हा त्यांचा दोष नव्हे. ते त्यांचे काम नव्हते. मग ते काम कोणाचे, एवढाच प्रश्न उरतो. आपल्या समाजात डॉक्टर पुष्कळ झाले, पेठेपेठेतून झाले. पण ज्या वस्तीत आपले जाणेयेणे नव्हते, तेथील मृत्यू आपण मोजले नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

हे काम काय असते, याचा आमच्या माहितीतील सर्वांत ठळक दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्धा-सेवाग्रामच्या गांधीविचारांच्या वातावरणात गेले, डॉ. राणी बंग या चंद्रपूरच्या. दोघे नागपूर विद्यापीठाचे वैद्यकीचे पदवीधर. १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण पुरे करून हे पतिपत्नी परत आले, आणि १९८६ पासून गडचिरोलीस ‘सर्च’ ही संस्था काढून राहिले. गडचिरोली हा जिल्हा चंद्रपुरातून १९८२ साली वेगळा झाला होता. जंगल दाट, वाटा थोड्या, वस्ती गोंड-माडियांची व इतर गरीब शेतकरी-मजुरांची.

त्यांच्या आरंभीच्या एका अनुभवाचा उल्लेख मुद्दाम करतो. आदिवासींत सिकलसेल या रक्तदोषाचे प्रमाण किती, याचे संशोधन त्यांनी प्रथम हाती घेतले. शास्त्रदृष्ट्या काम चोख झाले; पण लोकांनी त्यात काही गोडी दाखविली नाही. तो प्रश्न संशोधकांचा होता, लोकांनी विचारलेला नव्हता. हे डॉ. बंग यांनी स्वतःच मोकळेपणी सांगितले आहे. दवाखाना बांधावयाचा तेव्हा मात्र त्यांनी आधी लोकांस विचारले. मोठी इमारत, पांढऱ्या कपड्यांतली माणसे आणि आप्तांना बाहेर काढणारे दरवाजे यांची लोकांस भीती वाटे. म्हणून तो दवाखाना झोपड्या-झोपड्यांचा झाला, त्यात नातलगांस रोग्याजवळ राहता येऊ लागले, आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

डॉ. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ. खेड्यातील स्त्रियांच्या आजारांविषयी त्यांनी दोन गावांत पाहणी केली. तेरा वर्षांवरील ६५० स्त्रिया तपासल्या. शंभरांतील ९२ स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरीने एकीस तीनहून अधिक. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? शंभरांत ८. १४ जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय पत्रात हे आकडे प्रसिद्ध झाले. तोपर्यंत खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच अर्थ सरकारी योजनांस ठाऊक होता. शंभरांतील ४५ स्त्रियांनी तर स्वतः होऊन काही तक्रारही सांगितली नव्हती. हे वाचून वहिनी बराच वेळ गप्प होत्या. नंतर त्यांनी आपल्या माहेरच्या एका आत्याबाईंची हकीकत सांगितली. ती येथे लिहिण्याजोगी नाही, परंतु ९२ हा आकडा केवळ जंगलापुरता नसावा असे आम्हांस त्यावरून वाटले.

पुढचा प्रश्न लहान मुलांचा. गडचिरोलीत मुले कशाने मरतात याचा हिशेब मांडता न्यूमोनिया पुढे आला. त्यास औषध साधे असते, पण देणारा गावात पाहिजे. म्हणून गावातील माणसांस व सुइणींस न्यूमोनिया ओळखण्याचे व औषध देण्याचे शिक्षण दिले गेले. ओळखावयाचा कसा? मूल मिनिटास किती वेळा श्वास घेते यावरून. पण ज्या सुईणीस साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? त्याकरिता एक लहानसे लाकडी साधन काढण्यात आले. त्यात एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. एक दोन महिन्यांखालील मुलांकरिता, दुसरी त्याहून मोठ्यांकरिता. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजावा. जपाची माळ ओढणाऱ्या आमच्या मातोश्रींस हे तत्काळ समजले. आम्हांस दोनदा वाचावे लागले. ५८ गावांत ही व्यवस्था केली आणि ४४ गावे तुलनेस ठेवली. वर्षाअखेर पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५, तर या गावांत ८.१ झाले. हा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला.

तरीही जन्मल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जाणारी अर्भके उरलीच. त्या काळी तेथील बहुतेक बाळंतपणे घरीच होत. सर्चच्या लोकांनी एका वर्षात ७६३ नवजात अर्भके घरोघरी जाऊन पाहिली. त्यांतील निम्म्याहून अधिकांस वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली शंभरांत तिघांनाही नाही. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. अर्धी अर्भके आजारी, आणि डॉक्टराच्या वहीत त्यांची नावेच नाहीत! ज्या डॉक्टराने वहीवरून गडचिरोलीचे आरोग्य ठरविले असते त्याचा निष्कर्ष काय निघाला असता, हे सांगावयास नको.

मूल येत नाही तर उपचाराने मुलाकडे गेले पाहिजे. गावातीलच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांस निवडून ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळंतपणास हजर राहणे, बाळ गुदमरले तर श्वास सुरू करणे, वजन घेणे, बाळास उबेत ठेवणे, आईस दूध पाजण्यास मदत करणे, आणि अंगात विष भिनल्याची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, इतके सर्व त्या करू लागल्या. खेड्यातील बाईने अर्भकास सुई टोचावी, यावर डॉक्टरमंडळींतून आक्षेप निघणे स्वाभाविक होते. आमच्या बंधूंनीही तो आमच्याजवळ घेतला. त्याचे उत्तर वादाने देता येत नाही, मोजून द्यावे लागते. ३९ गावांत हा उपक्रम चालला, ४७ गावे तुलनेस होती. आरंभी या गावांत हजार जन्मांमागे ६२ अर्भके अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो आरंभी ५८ होता, तिसऱ्या वर्षी ५९.६. हा निबंध १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने छापला.

येथवरची गोष्ट संशोधनाची झाली. आमच्या पुतणीच्या म्हणण्याप्रमाणे खरी कसोटी यापुढे लागते. निबंध छापल्याने ३९ गावांपलीकडचे एकही मूल वाचत नाही. २००१ साली सर्चने इतर संस्थांच्या साह्याने महाराष्ट्रातील निरनिराळ्या भागांत बालमृत्यू प्रत्यक्ष मोजून ‘कोवळी पानगळ’ या नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी दप्तरात नोंदलेल्या मृत्यूंहून खरे मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यात दाखविले होते. न नोंदलेल्या मृत्यूविषयी कोणत्याही अधिकाऱ्यास उत्तर द्यावे लागत नाही; तेव्हा नोंद हाच धोरणाचा पाया होय. त्यानंतर राज्य सरकारने बालमृत्यूंची पाहणी करण्याकरिता डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन गावोगावी ‘आशा’ या कार्यकर्त्या नेमण्यात आल्या. आणि २०११ साली नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याची योजना केंद्र सरकारने देशभर लागू केली. बाळंतपण दवाखान्यात झाले तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झाले तर सात. त्याबद्दल आशाताईस २५० रुपये मोबदला. सुई मात्र आशांच्या हाती देण्यात आली नाही. संशोधनातील जेवढे सरकारच्या पचनी पडते तेवढेच ते घेते. उरलेल्यासाठी पुन्हा भांडत राहावे लागते.

१९९९ ते २०११ ही बारा वर्षे झाली. निबंध छापला गेला त्या दिवशी जन्मलेले मूल एव्हाना सहावी-सातवीत बसले असेल. जगले असेल तर. या कामात आयुष्य घालणाऱ्याने हा वेळ आधीच हिशेबात धरला पाहिजे. दवाखान्यात ताप उतरला की संध्याकाळी रोग्याची आई दोन शब्द बरे बोलून जाते. येथे ज्यांचा जीव वाचला त्यांस आपण वाचलो हेही ठाऊक नसते.

पुण्याच्या वाचकांस धोरण आणि माणूस यांची फारकत कशी असते हे शिकविण्याची गरज नाही. १८९७ च्या प्लेगात घरांच्या झडत्या, सामानाची जाळपोळ, स्त्रियांची रस्त्यावर तपासणी ही सर्व ‘आरोग्याचीच’ धोरणे होती. रोगाविषयीची भीती खरी होती. माणसांविषयी मात्र विचारपूस नव्हती. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबावर झालेल्या गोळीबारात झाला, हे सर्वांस पाठ आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगाने वारल्या, हे आपल्या घरांत तितके पाठ नसते. हडपसराजवळच्या माळावर त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी प्लेगचा दवाखाना घातला होता, आणि रोग्यांना तेथे आणण्याची खटपट करतानाच बाईंना रोग जडला. न आलेल्या रोग्याकडे जाणे याचा याहून जुना दाखला आम्हांस पुण्यात माहीत नाही.

वाचकांपैकी कोणास वाटेल, की हे सर्व जंगल, दारिद्र्य आणि प्लेग यांपुरते आहे. नोकरदार सुशिक्षित घरांस त्याचे काय? १९६७ साली लंडनमध्ये सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. सर्वजण पुरुष, सर्वांस पगार, डोक्यावर छप्पर, औषधपाण्याची सोय सरकारी. दहा-एक वर्षांनी मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत खालच्या दर्जाच्या नोकरांत सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. मधल्या पायरीवरचे मध्येच. विडीकाडी, रक्तदाब, रक्तातील चरबी यांचा हिशेब वजा केला तरी अर्ध्याहून अधिक फरक उरलाच. चाळीस वर्षे कारकुनी केलेल्या आमच्या मेहुण्यांनी हे ऐकून, “त्याकरिता विलायतेस कशाला जावयास पाहिजे होते?” असे उद्गार काढले. तथापि मेहुण्यांच्या म्हणण्यावरून धोरण बदलत नाही, मोजलेल्या आकड्यांवरून बदलते. हेच मार्मट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्याच्या सामाजिक कारणांविषयीच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. २००८ साली अहवाल निघाला. आपले अमर्त्य सेन त्या आयोगाचे सभासद होते.

आणि सरासरीवर कोणी विसंबू नये. सरकारच्या नमुना नोंदणीप्रमाणे १९७१ साली भारतात हजार जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत जात. २०२० साली २८. ही मोठीच प्रगती होय. परंतु त्याच २०२० साली केरळात ६, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३ असे आकडे होते. आणि महाराष्ट्राच्या सोळांतही पुणे आणि मेळघाट एकत्र मिसळलेले असतात. ती मिसळण वेगळी करणे, हाच या मंडळींचा धंदा.

आता व्यवहाराचे. या शिक्षणास डॉक्टरच असले पाहिजे असे नाही. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्या यांतूनही लोक येतात आणि त्यांची गरज असते. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मिळते. मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्था आहे. लोकसंख्या व कुटुंब-आरोग्याच्या राष्ट्रीय पाहण्या करणारी संस्था देवनारलाच आहे. कलकत्त्याची आरोग्यसंस्था तर १९३२ सालची. वैद्यकीय महाविद्यालयांत जनऔषधवैद्यकशास्त्र नावाचा विभाग असतो. त्याचा तास डुलकीकरिता असतो अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे, आणि आमच्या बंधूंनीही त्या तासाचा तसाच उपयोग केल्याचे ते नाकारीत नाहीत. सर्चने तरुणांकरिता ‘निर्माण’ हा उपक्रम २००६ पासून चालविला आहे. ज्यास आपल्या मनाची परीक्षा पाहावयाची आहे त्याने दोन वर्षांची पदवी घेण्यापूर्वी अशा ठिकाणी काही महिने राहून पाहावे, असे आमचे मत आहे.

प्राप्तीविषयी फसवून काही सांगू नये. बरोबरीचे मित्र रुग्णालय बांधीत असतात तेव्हा येथला माणूस पुढच्या वर्षीच्या अनुदानाचा अर्ज लिहीत असतो. सरकारी नोकरी मिळाली तर स्थैर्य येते, पण तोंड बंद होते; संस्थेत राहिले तर तोंड उघडे, पण स्थैर्य नाही. वधूवर मंडळाच्या छापील अर्जात ‘स्वतःचा दवाखाना आहे काय’ असा रकाना आहे. ‘किती मृत्यू मोजले’ असा नाही. मुलीच्या बाबतीत घरच्यांची आणखी एक चिंता असते, ती म्हणजे एकटीने रानावनात हिंडण्याची. ती चिंता खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. एवढेच म्हणतो, की ज्या आरोग्यदूतांच्या जोरावर हा सगळा हिशेब उभा राहिला त्याही स्त्रियाच आहेत आणि त्या त्याच रानात राहतात.

आमच्या पुतणीस त्रिवेंद्रमला प्रवेश मिळाला आहे. बंधूंनी हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. पाटीतील मोकळी जागा तशीच आहे. मात्र गेल्या आठवड्यात त्यांनी तिच्याजवळ तो १९९९ चा निबंध मागितला. दवाखाना मिटल्यावर दोन रात्री ते तो वाचीत होते. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला. कडेला पेन्सिलीच्या खुणा केलेल्या होत्या. म्हणाले, “उपक्रम चालला त्या ३९ गावांचे समजले. तुलनेच्या ४७ गावांत तीन वर्षे अर्भके तशीच जात राहिली. उपाय ठाऊक असता त्यांना तसेच ठेवणे तुझ्या शास्त्रात बसते काय?”

ती म्हणाली, “बाबा, उपाय ठरेल की नाही हेच तेव्हा ठाऊक नव्हते, आणि सरकारी दवाखान्याची जी सोय सर्वत्र होती ती त्या गावांतही होतीच.”

“पहिल्या वर्षी ठाऊक नव्हते. दुसऱ्या वर्षी?”

तिने खुर्ची पुढे ओढली. वहिनींनी दिवा मालविण्याकरिता दोनदा येऊन पाहिले. साडेअकरा वाजता आम्ही झोपावयास गेलो तेव्हा दोघे त्याच पानावर होते.